डबी कुणी मिटली

थोरल्याला चष्मा नव्हता. डोळे अजून शाबूत होते आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. तरी त्या दुपारी जेवायला बसताना त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली आणि ताटाच्या उजव्या बाजूला ठेवली. बाबा ठेवायचे बरोबर तिथेच.

डबी बाबांची होती. पत्र्याची, वरून काळं कातडं, कडा झिजून आतला पत्रा दिसायला लागलेला. बाबांचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हापासूनची. त्या दुकानाची पुढे कंपनी झाली, निम्म्या देशाच्या खिशात या घराचं नेटवर्क जाऊन बसलं, पण संचालकांची सभा कशी घ्यायची हे मात्र बाबा शेवटपर्यंत शिकले नाहीत. हात वर करून मतं द्यायची हा त्यांना पोरखेळ वाटे. ते आपलं म्हणणं मांडायचे, चष्मा काढून डबीत ठेवायचे, डबी उघडीच ठेवायचे आणि विचारायचे, "कुणाला काही म्हणायचंय?" डबी उघडी आहे तोवर बोलायची मुभा. मग टक् करून डबी मिटायची. मिटली की ठरलं. त्यानंतर तोंड उघडणाऱ्याकडे बाबा असे बघत, की आपण अजून इथे का बसलोय असं त्याला व्हावं. पुढे वकील आले, परदेशी भागीदार आला, छापील ठराव आले, पण खरा ठराव या जेवणाच्या टेबलावर व्हायचा आणि तो त्या आवाजाने व्हायचा.

बाबा गेले तेव्हा अध्यक्षाची खुर्ची आणि डबी दोन्ही थोरल्याकडे आली. आत ठेवायला चष्मा नाही, म्हणून तो पेनाचं टोपण ठेवी. धाकट्याने एकदा यावर विनोद केला होता. थोरला मोकळेपणाने हसला आणि त्याच बैठकीत धाकट्याला नवी गाडी घेऊन द्यायचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

आज विनोद करायची कुणाची छाती नव्हती. टेबलाच्या टोकाला आई, तिच्या शेजारी मामा, समोर धाकटा. मधली आपल्या नेहमीच्या जागी, थोरल्याच्या उजव्या हाताला. लहानपणापासून ती तिथेच बसे, डबीच्या अगदी लगत. तिच्या पलीकडे तिचा नवरा मान खाली घालून भाताची शितं एका जागी गोळा करत होता.

"उद्या सभेला पाहुणा येतोय," थोरला म्हणाला.

पाहुणा म्हणजे परदेशी भागीदाराचा माणूस. पंधरा दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला आता कित्येक वर्षं झाली, पण घरात त्याचं नाव पाहुणाच राहिलं.

"त्याला काय हवंय?" आईने विचारलं.

"त्याला कंपनी हवीय, आई. आपले एक्कावन्न टक्के, त्यांचे एकोणपन्नास, हे त्याच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. आता करारातलं एक कलम त्याच्या हाती लागलंय. सरकारचा लेखी आदेश नसताना, ठराव नसताना, संचालकांनी जाणूनबुजून नेटवर्क बंद केलं, तर कारभार त्यांच्याकडे. टक्के आपल्याकडे राहतील, पण नुसते भिंतीवर लावायला."

"आणि मंत्री?"

"मंत्री म्हणतात, आम्ही कुणाला फोनच केला नाही."

मामांनी च्यक् केलं. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ आणि कंपनीचे स्वतंत्र संचालक. त्यांचं स्वातंत्र्य एवढंच, की ते सभेला स्वतःच्या गाडीने येत.

"म्हणून मी म्हणतो, जाणूनबुजून काही झालंच नाही," थोरला म्हणाला. "बंदराच्या बाजूला दुपारभर नेटवर्क गेलं, ते तांत्रिक बिघाडाने. नेटवर्क प्रमुखाच्या हलगर्जीपणामुळे. नेटवर्क प्रमुख राजीनामा देईल. विषय संपला."

नेटवर्क प्रमुख भाताची शितं गोळा करत राहिला. टेबलाशी बसलेल्यांत ज्याच्या नावावर कंपनीचा एकही शेअर नाही असा तो एकटा होता. जावई. उंच, अबोल. धाकट्याने लग्नातच त्याचं नाव 'टॉवर' ठेवलं होतं, कारण तो मांडवाच्या एका कोपऱ्यात जो उभा राहिला तो निघेपर्यंत तिथेच होता.

"म्हणजे खापर दाजींच्या डोक्यावर," धाकटा उसळला. "दादा, हे बरं नाही दिसत. ते काय मनाने उठून बंद करायला गेले?"

"बंद कुणी केलं?"

"केलं त्यांनी. पण ठरवलं कुणी?"

"मी नाही ठरवलं. मी फक्त विचारलं होतं, कुणाला काही म्हणायचंय का. डबी उघडी होती."

"मिटली होती," थोरल्याची बायको, वहिनी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात भाताचं भांडं होतं आणि ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "मी आत होते. आवाज ऐकला मी."

"अगं, आवाज झाला असेल. मी मिटली नाही! एका हातात फोन होता, मंत्र्यांचा माणूस लाइनवर थांबला होता. दुसऱ्या हाताने मी मामांना मासे वाढत होतो. विचार मामांना."

"मला वाढत होता हे खरं आहे," मामा म्हणाले. "काट्यासकट."

कुणी हसलं नाही. थोरल्यावर कुणाचा विश्वास बसलेला दिसला नाही. आयुष्यभर स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या पदरात घालत आलेला माणूस. आजही तेच करतोय, असं वहिनीच्या चेहऱ्यावर होतं आणि धाकट्याच्या तर ओठांवरच होतं. मधलीला मात्र ठाऊक होतं, की थोरला आज खरं बोलतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादा शंभर टक्के खरं बोलत होता आणि त्याच्या बाजूने बोलायची तिची हिंमत होत नव्हती.

"जावईबापू," आईने मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही का उठलात हो?"

"डबी मिटली," तो म्हणाला.

"कुणी मिटली?"

त्याने मान वर केली. त्याची नजर मधलीवरून पुढे गेली, डबीवर थांबली आणि परत ताटात आली.

"आवाज ऐकला," तो म्हणाला. "पाहिलं नाही."

त्याने पाहिलं होतं.

आठवड्यापूर्वी याच टेबलावर, असंच जेवण चालू असताना तो फोन आला. बंदरात संप चिघळला होता. तिकडचं नेटवर्क संध्याकाळपर्यंत बंद ठेवा, लेखी काही मागू नका, परवान्याच्या नूतनीकरणाचं वर्ष आहे हे विसरू नका. थोरल्याने फोन कानापासून बाजूला धरला आणि सगळ्यांना सांगितलं. डबी उघडी होती. "कुणाला काही म्हणायचंय?"

आणि मधलीच्या नवऱ्याने घसा खाकरला. "मला... मला जरा..."

हे 'मला जरा' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्याच्यापुढे आधी एक लांब श्वास येणार, मग 'म्हणजे असं आहे की' येणार, मग तो अडखळणार, परत पहिल्यापासून सुरुवात करणार. तोवर धाकटा भिवई उडवणार, मामा घड्याळ बघणार. मागच्याच सभेनंतर धाकट्याने व्हरांड्यात त्याची नक्कल केली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. तीही हसली होती. त्या दिवशी धाकट्याची भिवई वर जायला लागलेली तिने पाहिली आणि तिला नवऱ्याची लाज वाटली. भर माहेरात, मंत्र्यांचा माणूस फोनवर ताटकळत असताना, याला आत्ताच बोलायचं होतं? तिचा हात आपोआप पुढे गेला, की मुद्दाम गेला, हे ती गेला आठवडाभर स्वतःला विचारत होती. खरं उत्तर तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने त्याला गप्प करायला डबी मिटली. टक्.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मग तो उठला, हात धुतले आणि ऑफिसला गेला. फोन पुन्हा कानाला लावलेल्या थोरल्याला वाटलं, जावई उठला म्हणजे काम मार्गी लागलं. तो फोनवर "हो, हो" म्हणाला. कोणी काही ठरवलं नाही आणि बंदराची बाजू मुकी झाली.

त्या दुपारी घाटात बस उलटली.

मधलीकडे कंपनीची ग्राहक सेवा होती. तक्रारींची रेकॉर्डिंग ती अधूनमधून स्वतः ऐके. नेटवर्क परत आल्यावर पुढच्या दिवसांत जे फोन आले, त्यांत त्या बसच्या कंडक्टरचा होता. तो भांडत नव्हता. फार अदबीने बोलत होता. "बाई, मी फोन उंच धरून खडकावर चढलो. एक काडी दिसेल तर शपथ. ड्रायव्हरचा घेतला, मग माणसांच्या खिशातले काढून बघितले, सगळे तुमच्याच कंपनीचे. शेवटी चालत खाली गेलो. तोवर दोघं राहिली नाहीत. आता गावात म्हणतात, नेटवर्क तर असतंच तिथे, हा घाबरून पळाला. माझा फोन बिघडलेला होता का, एवढं तपासून सांगाल? नवीनच घेतलाय." मधलीने स्वतः त्याला फोन करून सांगितलं होतं, तपासून कळवते. त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तिने कळवलं नव्हतं.

"दाजींचा बळी देऊन आपण काय मिळवणार?" धाकटा अजून तापलेलाच होता. "मी उद्या सभेत गप्प बसणार नाही, सांगून ठेवतो."

थोरला शांतपणे पाणी प्याला. "बसू नकोस. तांत्रिक बिघाड नसेल, तर मग संचालकांनी बंद केलं. संचालकांत तूही आहेस. पाहुण्याचा माणूस तुझ्या खुर्चीत बसेल आणि तू त्याच्या दाराबाहेर. चालेल?"

धाकट्याने आवाज खाली आणला. "तसं नाही रे. म्हणजे... दाजींना दुसरीकडे चांगली नोकरी मिळेलच म्हणा. त्यांच्यासारखा माणूस... आपण शब्द टाकू कुठेतरी."

इतक्या सहजासहजी धाकटा पलटेल असं मधलीला वाटलं नव्हतं. पण ती त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघणार? तो निदान दोन वाक्यं तरी तिच्या नवऱ्याच्या बाजूने बोलला होता. ती एकही नाही.

"मामा?" थोरल्याने विचारलं.

"मी काय, बहुमतासोबत," स्वतंत्र संचालक म्हणाले.

"आई?"

आईने मधलीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"बरं. मग जावईबापू राजीनामा देतील. कारण तांत्रिक हलगर्जीपणा. त्यांची सगळी सोय आपण करू, कुणाला उघड्यावर टाकायची आपल्या घरात पद्धत नाही." थोरल्याने पेनाचं टोपण डबीत ठेवलं. "कुणाला काही म्हणायचंय?"

डबी उघडी होती. वहिनी दारात तशीच उभी. नवऱ्याने गोळा केलेली शितं बोटाने मोडली. तो काही बोलणार नव्हता. त्याने काल रात्रीही सांगितलं नव्हतं, की तू मिटलीस, परवाही नाही. एवढा आठवडा तो तिच्या शेजारी झोपला होता, सकाळी तिला चहा करून देत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. भांडला असता तर तिलाही काही बोलता आलं असतं. थोरल्याचा हात डबीकडे आला. मधलीने डबीत बोट घातलं.

झाकण बोटावर बसलं. आवाज झाला नाही.

"काय करतेस, चिमे?" थोरला चमकला. "बोट काढ."

"मला म्हणायचंय."

"तुला काय म्हणायचंय?"

"त्या दिवशी डबी मी मिटली होती."

थोरला आधी हसला. अगदी शाळेतल्या पोरासारखा, खोट्या आरोपातून सुटल्यासारखा. "बघा! बघा! मी घसा फोडून सांगत होतो ना! आता बोल," तो बायकोकडे वळला, "ऐकला होतास ना आवाज?" आणि मग हळूहळू त्याचं हसू उतरलं. मधली संचालक होती, आणि पाहुण्याच्या हातचं कलम संचालकांवरच होतं. बाबांनी दिलेले शेअर तिच्या नावावर होते.

"ताई," धाकटा घाईने म्हणाला, "हे तू इथल्या इथे गिळून टाक. आम्हीही ऐकलं नाही."

"मी पाहिलं होतं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"तेव्हाच पाहिलं होतं. तिचा हात पाहिला."

"मग आत्ता जावयांना का विचारलंस, कुणी मिटली म्हणून?" मधलीचा आवाज चिरकला.

"ते काय सांगतात ते बघत होते." आईने पदराने कपाळ पुसलं. "त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. काय सांगू आता. जावई किती केलं तरी बाहेरचा, आणि तू माझ्या पोटची. असं आलं मनात. लाज वाटते मला सांगायला, पण असंच आलं."

वहिनीने भांडं टेबलावर ठेवलं आणि ती पहिल्यांदाच त्या टेबलाशी, मोकळ्या खुर्चीवर, न विचारता बसली.

"हात हिचा होता," जावई म्हणाला. सगळे दचकले, तो बोलतोय म्हणून. "पण उठून गेलो तो मी. बंद केलं तेही मी. हिने मिटली म्हणून मी उठलो, हे काही... हे काही खरं कारण नाही. मला राग आला होता. म्हटलं, ठीक आहे. यांना ऐकायचं नाही ना, मग होऊ दे. मला माहीत होतं काय होईल ते."

मधलीने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, निदान हा तरी स्वच्छ आहे. तो नव्हता, आणि हे कळल्यावर तिला कुठेतरी हलकं वाटलं. या हलकं वाटण्याचीही तिला लाज वाटली.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"आता काय उपयोग?"

"सांगा. पुरं सांगा."

त्याने लांब श्वास घेतला. धाकट्याची भिवई जागची हलली नाही. "म्हणजे असं आहे की... मला जरा... म्हणजे घाटातला टॉवर बंदराच्या टॉवरवरून सिग्नल घेतो. बंदर बंद केलं तर... तर घाटही जाईल. आणि घाटात दुसऱ्या कुठल्याच कंपनीचं नेटवर्क नाही."

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही आलं नाही.

"एवढंच?" आईने विचारलं.

"एवढंच."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. मामा घड्याळ बघायला गेले आणि त्यांनी ते बघितलं नाही.

सगळ्यात आधी थोरला भानावर आला. "ठीक आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "झालं ते वाईट झालं. मलाही झोप लागत नाही, तुम्हाला काय वाटतं? पण कंपनी बुडवून ती माणसं परत येणार आहेत का? हजारो लोकांच्या चुली आहेत आपल्यावर. हे या भिंतींच्या बाहेर जाणार नाही. बोट काढ, चिमे."

मधलीने बोट काढलं, पण डबीही उचलली आणि मांडीवर घेतली. दुसऱ्या हाताने फोन काढला.

"कुणाला लावतेस?" धाकटा अर्धा उठला. "ताई, पाहुण्याला नको. ताई!"

पाहुण्याला नव्हता. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि फोन उचलला गेला. मागे माणसांचा आवाज होता, कुठेतरी भांडी वाजत होती.

"मी फोन कंपनीतून बोलतेय. तुम्ही विचारलं होतंत, तुमचा फोन बिघडलाय का." तिचा आवाज कापत होता आणि ती तो सावरत नव्हती. "तुमच्या फोनला काही झालेलं नाही. तो चांगला आहे. त्या दुपारी नेटवर्क आम्ही बंद केलं होतं. बिघाड नव्हता. आम्ही केलं. मी त्यातलीच एक."

थोरल्याने डोळ्यांवर हात ठेवला. मधली शिव्यांची वाट बघत होती. तिला त्या हव्या होत्या.

"बाई," कंडक्टर म्हणाला, "एक काम करता का? थांबा जरा, फोनचा आवाज मोठा करतो." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणालातरी "गप रे, ऐका" म्हटलेलं ऐकू आलं. "इथे सगळे बसलेत. त्या दोघांच्या घरचेही आहेत. आता म्हणालात ते परत एकदा म्हणा."

मधलीने मांडीवरच्या डबीकडे पाहिलं. ती उघडीच होती. तिने परत पहिल्यापासून सांगितलं.